गोलीची आई झाल्यावर हॉकी वेगळीच दिसते

आईस हॉकीच्या इतिहासातले भारी क्षण म्हणून कोणीही काही लिहायला घेतलं की त्यात सगळे गोलच येतात. बॉबी ऑर हवेत उडालेला, मॉस्कोमध्ये ३४ सेकंद उरलेली असताना पॉल हेंडरसनने रशियनांना मारलेला गोल, ग्रेट्स्कीचे कारकिर्दीतले ८९४ गोल आणि मग २०२५ च्या एप्रिलमध्ये ओव्हेचकिनने मारलेला ८९५ वा. सगळं मान्य आहे, ते व्हिडिओ मीही कितीतरी वेळा बघितलेत. पण आमच्या घरात आता हा खेळ उलट्या बाजूने बघितला जातो, कारण आमच्या चिरंजीवांनी गोलकीपर, इकडे टोरंटोकडे सगळे गोली म्हणतात, तो व्हायचं ठरवलंय आणि तेव्हापासून गोल झाला की बाकीचे उड्या मारतात आणि मी त्या बिचाऱ्या जाळीसमोर पडलेल्या माणसाकडे बघत बसते.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉल नसतो, पक असतो, म्हणजे टणक रबराची चकती, साधारण १७० ग्रॅमची, आणि मॅचच्या आधी ती मुद्दाम गोठवून ठेवतात म्हणजे बर्फावर उसळत नाही. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी हॉकी लीग, तिथले लोक ती ताशी १६० किलोमीटरच्या आसपास हाणतात. समोर एक माणूस उभा. आता हे ऐका, एनएचएल १९१७ ला सुरू झाली आणि जवळजवळ पुढची चाळीसेक वर्षं हा माणूस उघड्या चेहऱ्याने उभा राहायचा. मास्क नाही, जाळी नाही, काही नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं की यांच्या आया काय करत होत्या.

पण आधी डेव्हिड एअर्सबद्दल सांगते, कारण आमच्याकडचा हा सगळा नाद त्याच्यामुळे लागला. २२ फेब्रुवारी २०२०, शनिवारची रात्र, टोरंटो मेपल लीफ्स विरुद्ध कॅरोलायना हरिकेन्स. कॅरोलायनाचा पहिला गोली रायमर पहिल्याच पिरियडमध्ये (मॅचचे असे तीन भाग असतात) जखमी होऊन गेला. दुसरा, म्राझेक, पुढच्या पिरियडमध्ये पक अडवायला पुढे आला आणि लीफ्सच्या क्लिफर्डला धडकला, तोही आउट. टीमकडे दोनच गोली असतात, मग आता काय? तर नियम असा होता की ज्यांच्या गावात मॅच त्यांनी स्टेडियममध्ये एक इमर्जन्सी गोली बसवून ठेवायचा, आणि तो दोघांपैकी कोणाच्याही कामी येऊ शकतो. लहानपणी आपल्याकडे कच्चा लिंबू असायचा ना, दोन्हीकडून खेळणारा, तसाच हा प्रकार, फक्त जगातल्या सगळ्यात महागड्या हॉकी लीगमध्ये.

त्या दिवशीचा कच्चा लिंबू म्हणजे हा एअर्स. वय ४२. नोकरी काय, तर रिंकची देखभाल, झॅम्बोनी चालवणं, म्हणजे ती बर्फ गुळगुळीत करणारी गाडी. अधूनमधून लीफ्सच्या आणि त्यांच्याच खालच्या लीगमधल्या टीमच्या, मार्लीजच्या, प्रॅक्टिसला गोलमध्ये उभा राहायचा. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध उतरायचं होतं त्यांच्यातल्या कित्येकांचे शॉट्स त्याने सरावात झेललेले. डोक्यावर मार्लीजचं हेल्मेट, अंगात कॅरोलायनाचा ९० नंबरचा शर्ट. कॅरोलायना तेव्हा ३-१ ने पुढे होती आणि तो आल्यावर ४-१ झालं, आणि मग लीफ्सचे पहिले दोन्ही शॉट सरळ आत. ४-३. मला अजूनही ती रेकॉर्डिंग बघताना इथे पोटात कालवतं, कारण त्याचं काय होत असेल ते दिसतं, सगळं गाव समोर बसलंय, टीव्हीवर अख्खा कॅनडा बघतोय आणि आपण दोनात दोन सोडलेत.

पण इंटरव्हल झाला आणि नंतर तो माणूस हललाच नाही. त्यानंतरचे आठच्या आठ शॉट्स अडवले. खरं तर त्याच्यापुढे कॅरोलायनाच्या पोरांनी जो काही डिफेन्स केला त्याचं श्रेय जास्त, तिसऱ्या पिरियडमध्ये लीफ्सना नीट शॉटच मारू दिला नाही, पण ते जाऊ दे. मॅच ६-३ ने जिंकली आणि रेकॉर्डमध्ये विजयी गोली म्हणून झॅम्बोनी ड्रायव्हरचं नाव लागलं. कॅरोलायनाच्या टीमने ड्रेसिंग रूममध्ये त्याला पाण्याने न्हाऊ घातलं. त्याची स्टिक हॉकीच्या हॉल ऑफ फेमला गेली. लीफ्सवाल्यांचं त्या आठवड्यात टोरंटोत जे काही झालं ते विचारू नका, १९६७ नंतर स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही आणि त्यात हे.

यात एक गोष्ट बहुतेक जण पटकन सांगून पुढे जातात, मी नाही जाणार. एअर्सची २००४ साली किडनी बदलली होती. किडनी दिली त्याच्या आईने. खेळ संपला असंच त्याला तेव्हा वाटलं असणार, आणि सोळा वर्षांनी हा. टीमने मग त्याच्या नावाचे टीशर्ट काढले आणि त्यातले काही पैसे किडनीच्या संस्थेला दिले.

तो काही पहिला नव्हता. दोन वर्षं आधी, मार्च २०१८ मध्ये, शिकागोत स्कॉट फॉस्टर नावाचा ३६ वर्षांचा अकाउंटंट असाच उतरला होता, विनिपेगविरुद्ध १४ मिनिटं खेळला आणि सातपैकी सात शॉट अडवले. दिवसभर हिशोब, रात्री एनएचएल. त्याच्याही आधी २०१६ च्या ३१ डिसेंबरला कॅरोलायनानेच (यांचंच नशीब असं का कोण जाणे) त्यांचा इक्विपमेंट मॅनेजर जॉर्जे आल्व्हेस शेवटच्या ७.६ सेकंदांसाठी गोलमध्ये उभा केला. एकही शॉट आला नाही. माणूस पूर्वी मरीनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सैन्यात होता, स्केटला धार लावणं, सामान बघणं हे त्याचं काम, आणि तरी ७.६ सेकंद एनएचएलचा गोली. मला ही सगळ्यात गोड गोष्ट वाटते, गोल वाचवलेल्यांपेक्षाही.

आणि सगळ्यात जुनी गोष्ट १९२८ ची. स्टॅनली कपची फायनल, ७ एप्रिल, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध मॉन्ट्रियल मरून्स. फायनलच्या सगळ्या मॅच मॉन्ट्रियललाच होत्या कारण न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कस आली होती! स्टॅनली कपपेक्षा सर्कसचं बुकिंग मोठं. तर दुसऱ्या मॅचमध्ये ०-० असताना मरून्सच्या नेल्स स्टुअर्टचा शॉट रेंजर्सचा गोली लॉर्न शाबोच्या डोळ्यावर बसला. त्याला दवाखान्यात नेलं. दुसरा गोली नाहीच, त्या काळी ठेवायचेच नाहीत. प्रेक्षकांत ऑटावाचा नामांकित गोली अ‍ॅलेक कॉनेल बसलेला होता, रेंजर्सनी विचारलं याला खेळवू का, तर मरून्सच्या एडी जेरार्डने साफ नाही सांगितलं. मग रेंजर्सचा कोच लेस्टर पॅट्रिक, वय ४४, पांढरे केस, उभं आयुष्य डिफेन्समध्ये खेळलेला, तोच पॅड बांधून उभा राहिला. कोचच गोलमध्ये गेल्यावर बेंचवर कोच कोण, म्हणून पिट्सबर्गचा कोच ओडी क्लेगहॉर्न प्रेक्षकांत होता त्याला बोलावलं. हे असं गल्लीत होतं असं वाटतं ना, पण ही फायनल आहे. पॅट्रिकने एकच गोल खाल्ला, ओव्हरटाइममध्ये फ्रँक बाउचरने गोल मारून २-१ जिंकून दिलं. पुढच्या मॅचला मात्र बाहेरचा गोली, जो मिलर, घ्यायला परवानगी मिळाली आणि शेवटी कपही रेंजर्सनीच नेला, लीगमधल्या त्यांच्या दुसऱ्याच वर्षी.

आता मास्कवर येते, कारण आई म्हणून माझा जीव तिथे अडकलेला आहे.

१ नोव्हेंबर १९५९, परत मॅडिसन स्क्वेअर गार्डन. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोली झाक प्लांट. हा म्हणजे वेगळंच पात्र. अकरा भावंडांत मोठा, घरची गरिबी, आईने विणकाम शिकवलेलं आणि हा मोठा स्टार झाल्यावरही स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. दम्याचा त्रास. जाळी सोडून बाहेर येऊन पक स्वतः खेळवायचा, तेव्हा कोणी असं करायचं नाही, आता सगळे करतात. सरावात तो आधीपासून मास्क घालायचा पण मॅचमध्ये घालायला कोच टो ब्लेकची परवानगी नव्हती, ब्लेकचं म्हणणं नजर अडते आणि शिवाय मास्क घातलेला गोली घाबरट दिसतो. घाबरट! मी वाचून हसावं की रडावं.

तर मॅच सुरू होऊन दोनचार मिनिटं होतायत तोवर रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा शॉट थेट तोंडावर. रक्ताची धार. बऱ्याच वर्षांनी बाथगेटनेच सांगितलं की नेम मुद्दाम धरला होता, थोड्या वेळापूर्वी प्लांटने त्याला पाडलं होतं त्याचा राग. प्लांटला आत नेलं, टाके घातले. इकडे मॅच थांबलेली, प्रेक्षक बसून, कारण बदली गोली नाही, फार तर स्टेडियममध्ये ठेवलेला एखादा हौशी गोली, आणि त्याच्या भरवशावर राहायची ब्लेकची तयारी नव्हती. प्लांटने सांगितलं, मास्क घालून जाईन, नाहीतर जाणार नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पारडं गोलीच्या बाजूला झुकलं होतं आणि त्याने ते बरोबर ओळखलं. ब्लेक कबूल झाला. प्लांट परत आला तो फायबरग्लासचा मास्क घालून, बिल बर्चमोर नावाच्या फायबरग्लास कंपनीतल्या माणसाने बनवून दिलेला, आजच्या नजरेने बघितलं तर चक्क भुताचा मुखवटा, पण मॉन्ट्रियल ३-१ ने जिंकलं.

ब्लेकला वाटलं जखम भरली की काढेल. प्लांटने काढला नाही आणि टीम जिंकत राहिली त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही. मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर एक मॅच डेट्रॉइटविरुद्ध मास्कशिवाय खेळला, ०-३ हरले, पुढच्या मॅचला मास्क परत तोंडावर. त्या वर्षी मॉन्ट्रियलने सलग पाचवा कप जिंकला. इथे एक सांगायला हवं की मास्क घालणारा तो पहिला नव्हे, १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने चामड्याचा घालून बघितला होता पण तो टिकला नाही. प्लांटने घातला आणि मग काढला नाही, फरक तिथे आहे.

तरी सगळ्यांनी लगेच घातला असं समजू नका. टेरी सॉचकच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत चारेकशे टाके पडले, १९६६ मध्ये लाईफ मासिकाने त्याचा एक फोटो छापला, मेकअपवाल्याला बसवून ते सगळे टाके चेहऱ्यावर रंगवून. शोधून बघा, पण जेवताना नको. आणि ग्लेन हॉल तर कमालच, १९५५ ते १९६२ सलग ५०२ मॅच, एकही न चुकवता, विनामास्क. आणि प्रत्येक मॅचच्या आधी त्याला उलटी व्हायची. टेन्शनने. ५०२ मॅच. माझा मुलगा प्रॅक्टिसच्या आधी पोट दुखतंय म्हणतो तेव्हा मी आता काही बोलत नाही.

जेरी चीव्हर्सची गंमत उलटी. बॉस्टनचा हा गोली, सरावात पक मास्कवर लागला, आत ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसला, तर ट्रेनरने मार्करने मास्कवर टाके काढले, मास्क नसता तर इथे पडले असते असे. मग प्रत्येक फटक्यानंतर नवे टाके काढत गेले, शेवटी सगळा मास्क टाक्यांनी भरला. आज गोलींच्या मास्कवर वाघ, कवट्या, काय काय रंगवलेलं असतं त्याची सुरुवात इथली.

आणि तो बॉबी ऑरचा फोटो. १० मे १९७०, बॉस्टन, फायनलची चौथी मॅच, ओव्हरटाइमची ४० सेकंदं झालेली. सँडरसनचा पास, ऑरचा गोल, त्याच क्षणी सेंट लुईसच्या पिकार्डने त्याला पायात स्टिक घालून उडवलं आणि ऑर हात पसरून हवेत, रे लुसिएने फोटो टिपला. बॉस्टनला १९४१ नंतरचा पहिला कप, तिथे स्टेडियमबाहेर त्या उडीचा पुतळा आहे. आता त्या फोटोत जाळीला टेकून उभा राहायची धडपड करणारा जो गोली आहे ना, तो कोण? तोच ग्लेन हॉल. ५०२ मॅचवाला. एवढं सगळं केलेला माणूस आणि निम्म्या जगाला तो फक्त ऑरच्या फोटोतला मागचा माणूस म्हणून माहीत. आणि त्या दिवशी मदर्स डे होता, हे मी माझ्या सोयीने लक्षात ठेवलंय.

पुढचं ज्यांना रक्ताचं वाचवत नाही त्यांनी एक परिच्छेद सोडा. २२ मार्च १९८९, बफेलो. समोर दोन खेळाडू धडकले आणि एकाच्या स्केटचं पातं गोली क्लिंट मलारचकच्या गळ्यावर. रक्तवाहिनी कापली. बफेलोचा ट्रेनर जिम पिझुटेली व्हिएतनाममध्ये सैन्यात राहिलेला, तो धावत गेला आणि त्याने हाताने रक्तवाहिनी दाबून धरली, सोडलीच नाही डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत. मलारचक वाचला. तीनशेच्या वर टाके. त्याने नंतर सांगितलंय की डोक्यात एकच होतं, बर्फावरून बाहेर जायचं, कारण आई घरी टीव्हीवर मॅच बघतेय आणि तिला हे दिसायला नको. दोन आठवड्यांच्या आत परत खेळायला उतरला, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, पण मनावर जे झालं होतं त्याच्याकडे कोणी बघितलं नाही आणि ते त्याला पुढे कित्येक वर्षं छळत राहिलं, आता तो त्यावर उघडपणे बोलतो. मी तो व्हिडिओ बघितलेला नाही आणि बघणार नाही. मुलाच्या गळ्याचा गार्ड मात्र दर वेळी स्वतः लावते, त्याचे मित्र हसले तरी.

मनाच्या जखमेवरून पॅट्रिक रुआ आठवतो, म्हणजे त्याची गोष्ट तशी अहंकाराची, पण मला त्याची बाजू पटते. मॉन्ट्रियलला १९८६ आणि १९९३ चा कप जिंकून देणारा गोली, १९९३ मध्ये तर ओव्हरटाइमच्या सलग १० मॅच जिंकल्या होत्या त्याच्या जिवावर. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटने घरच्या मैदानावर धुतलं, ११-१. कोच मारिओ ट्रेम्बले त्याला बाहेरच काढेना. पाच, सहा, सात, लोक चिडवायला लागले, साधा शॉट अडवला तर उपहासाने टाळ्या, रुआने हात वर करून त्यांनाच दाखवले. नऊ गोल खाल्ल्यावर बाहेर काढलं. कोचसमोरून एक शब्द न बोलता गेला आणि बेंचच्या मागे बसलेल्या क्लबच्या प्रेसिडेंटला सांगितलं, मॉन्ट्रियलसाठी ही माझी शेवटची मॅच. चार दिवसांत कोलोराडोला रवाना, आणि त्याच सीझनला कोलोराडोबरोबर कप! मॉन्ट्रियलला त्यानंतर आजतागायत कप नाही, मॉन्ट्रियलच काय, १९९३ नंतर २०२५ पर्यंत कॅनडातल्या कुठल्याच टीमला नाही.

मानों रेओमबद्दल थोडक्यातच, कारण तिच्यावर वेगळं लिहायचंय. सप्टेंबर १९९२, टॅम्पा बे लायटनिंग, सेंट लुईसविरुद्ध प्रीसीझन, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधीची सराव मॅच, एक पिरियड, नऊ शॉट, दोन गोल. एनएचएलच्या मॅचमध्ये उतरलेली पहिली बाई, वय २०. टीमला प्रसिद्धी हवी होती म्हणून बोलावलं हे खरं, मालकांनी ते लपवलंही नाही. पण नऊतले सात तिने अडवले ते प्रसिद्धीने अडवले नाहीत. आणि बघा, बाई पहिल्यांदा आत शिरली ती पण गोलच्याच जागेवरून, जिथे कोणीतरी हवंच असतं.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे ती एअर्सवाली गंमत आता संपतेय. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेचा जो नवा करार झालाय त्यात २०२६-२७ च्या सीझनपासून प्रत्येक टीमने आपला स्वतःचा पगारी इमर्जन्सी गोली ठेवायचा आणि बाहेरगावीसुद्धा बरोबर न्यायचा. म्हणजे अकाउंटंट नाही, झॅम्बोनीवाला नाही, कोणाच्याही बाजूने खेळणारा गावातला माणूस नाही. व्यवहाराने बघितलं तर बरोबरच आहे, कोट्यवधी डॉलरच्या लीगमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या प्रॅक्टिस गोलीवर मॅच सोडायची हे वेड्यासारखंच होतं. तरी मी रात्री जेवताना हळहळत बसले होते, की आता असं परत होणार नाही, केवढी मजा होती वगैरे, तर आमचे चिरंजीव वरणभात कालवता कालवता म्हणाले, अगं आई, ३२ टीम आहेत, म्हणजे ३२ नोकऱ्या वाढल्या ना.

नवरा म्हणाला, तू आधी गणिताचं होमवर्क कर.